तिलिस्म खोदले कोणी? : 'भूतनाथ'चे आमच्याकडील वाचक

कादंबरी कोणी लिहिली, केव्हा लिहिली, तिच्यावर कोणाचा प्रभाव होता, याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली आहे. ती वाचणारा काय म्हणतो, हे सहसा कोणी विचारत नाही. वाचणारा वस्तीतला असेल, रोजगार हमीच्या कामावर ज्याच्या हाताची कातडी सोलली असेल, तर त्यालाही वाङ्मयीन मत असू शकते हेच प्रस्थापित समीक्षेला मान्य नसते. त्याने गोष्ट आवडली किंवा आवडली नाही, एवढेच सांगावे आणि बाजूला व्हावे. 'का' या प्रश्नाचा मक्ता इतरांकडे. प्रस्तुत लेखात मला अशाच काही वाचकांची मते मांडायची आहेत. मते एका जुन्या, अद्भुतरम्य कादंबरीमालेविषयी आहेत, म्हणून त्यांना हलके लेखू नये.

मंगरूळपीरला आमच्या विहारात काही माणसे आठवड्यातून एकदा जमतात आणि एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' वाचून झाली, 'चंद्रकांता संतती'चे बरेचसे भाग झाले, आणि आता 'भूतनाथ' चालू आहे. पुस्तके हिंदीत आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांना याचे नवल वाटते. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले आणि १९५६ पर्यंत त्या बाजूलाच राहिले. शिवाय आमच्या गावच्या नावातला 'पीर' म्हणजे हयात कलंदर, त्यांच्या दर्ग्यामुळे उर्दू-हिंदी आमच्या बाजारात रोज कानावर पडते. त्यात १९९४ ते १९९६ या काळात दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका झाली. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर आमच्या पिढीने ती उभ्याने पाहिली आहे. क्रूरसिंहाचे 'यक्कू' अजून लग्नातल्या पंगतीत ऐकू येते.

सुरुवातीलाच एका कार्यकर्त्याने हरकत घेतली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी राजाराणीच्या आणि जादूच्या गोष्टी विहारात बसून का वाचाव्यात? वेळ कमी, प्रश्न मोठे, आणि तुम्ही भुयारातून हिंडता! हरकत रास्त आहे. तिचे उत्तर मी द्यायचे नाही असे ठरवले. ते वाचकांनीच दिले.

प्रथम पुस्तकाविषयी. 'चंद्रकांता' १८८८ सालची. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, मध्ये विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह आणि चुनारगढचा राजा शिवदत्त. एवढेच असते तर पुस्तक केव्हाच विसरले गेले असते. ते टिकले ते दोन गोष्टींमुळे : ऐयार आणि तिलिस्म. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर. त्याच्या बटव्यात रंग, खोट्या दाढ्या, बेशुद्धीची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा असतो. तो घटकाभरात कोणाचेही रूप घेतो. तिलिस्म म्हणजे जमिनीखाली बांधलेली मायावी इमारत : भुयारे, कळ दाबताच सरकणाऱ्या भिंती, माणूस गिळणारा दगडी बगळा, आणि सर्वांच्या तळाशी खजिना. महत्त्वाचे असे की यात भूतखेत नाही. जे अचाट वाटते त्यामागे शेवटी कळ, तार, रसायन किंवा कारागिरी निघते. आमच्या वाचकांना हे फार आवडले. एक तरुण म्हणाला, गावातल्या मांत्रिकाचे सामान आणि ऐयाराचा बटवा एकच, फरक इतकाच की ऐयार पुढच्या प्रकरणात युक्ती सांगून टाकतो, मांत्रिक सांगत नाही. प्रतिज्ञांच्या मुद्द्याचे उत्तर तिथेच निम्मे मिळाले.

खत्रींकडे काशीनरेशांच्या मुलखातील चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका होता. त्या रानात हिंडताना पाहिलेले पडके किल्ले, डोंगर, गुहा यांतून त्यांची भूमी उभी राहिली. 'संतती'चे चोवीस भाग झाले. मग 'भूतनाथ' सुरू झाली, तिचे सहा भाग लिहून १९१३ साली ते वारले. उरलेले पंधरा भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहिले आणि त्याच जगात पुढे 'रोहतासमठ'ही रचली. लेखक मेला, जग चालू राहिले. तेच राजे, तेच किल्ले, तीच भुयारे. लिहिणारा हात दुसरा.

असे सामाईक जग ही बाब नवी नाही. खत्रींनी ऐयार आणि तिलिस्म ज्या दास्तानांतून घेतले ती अमीर हमजाची दास्तान कित्येक दास्तानगोंनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे अवाढव्य खंड छापले. त्यातील 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. अमेरिकेत १९७९ साली 'थीव्ज वर्ल्ड' नावाने एकाच कल्पित शहरावर अनेक लेखकांनी कथा लिहिल्या, १९८४ पासून 'ड्रॅगनलान्स'ची कादंबरीमाला सुरू झाली, आणि अशा वाङ्मयाला तिकडे बाजारपेठ मिळाली. पण अठरा पुराणे काय आहेत? अनेकांनी, अनेक शतके, एकाच जगात घातलेली भर. देव तेच, दैत्य तेच, कोण जिंकणार हे आधीच ठरलेले. फरक असा की कादंबरी मिटून ठेवता येते. पुराण आपल्याला गावकुसाबाहेर ठेवते.

हा भेद लक्षात ठेवला की प्रश्न उभा राहतो : लिहिणारे बदलतात तेव्हा जगाची रचना बदलते का? नवा लेखक नवी पात्रे आणतो, नवी भुयारे काढतो. वर कोण आणि खाली कोण, हे मात्र तो बहुधा मागच्याकडून जसेच्या तसे घेतो, कारण ते त्याला 'रचना' वाटतच नाही. त्याला ती जमीन वाटते.

आमच्या बैठकीला उर्दू शाळेतले एक निवृत्त गुरुजी येतात. दास्तान त्यांना तोंडपाठ म्हणावी इतकी येते. 'चंद्रकांता'तला तेजसिंह वाचून झाला तेव्हा ते हसले. म्हणाले, आमच्या दास्तानीतला अमर ऐयार उंटवाल्याचा मुलगा आहे. हमजा सरदाराचा, अमर उंटवाल्याचा. दोघे एकत्र वाढतात, पण जन्मापासूनचे अंतर अमर कधी विसरत नाही आणि विसरूही देत नाही. तो लोभी आहे, टवाळ आहे, बादशहाची दाढी उतरवतो. त्याच्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, सगळे जग मावते. आणि तुमचा तेजसिंह? नौगढच्या दिवाणाचा मुलगा! हिंदीत आला तेव्हा ऐयाराला खानदान मिळाले, असे गुरुजींचे मत पडले.

मला हे निरीक्षण कोणत्याही विद्यापीठीय निबंधाच्या तोडीचे वाटते. ऐयारी ही मुळात ज्याच्याकडे सत्ता नाही त्याची विद्या आहे. ज्याला समोरच्या दाराने जाता येत नाही, तो वेष बदलतो. ती विद्या दिवाणाच्या घरी नेऊन ठेवली की ती राजनिष्ठेचा एक प्रकार होते. आमचे लोक नाव बदलून, आडनाव लपवून शहरात खोली भाड्याने घेत आले आहेत. वेषांतर म्हणजे काय हे त्यांना कादंबरीने शिकवावे लागत नाही. पण आमच्या ऐयाराला पकडले तर काय होते? खत्रींच्या जगात नियम आहे की ऐयाराला ठार मारायचे नाही, कैद करायचे. हा नियम वाचला तेव्हा कोणी तरी मागून म्हणाले, "नियम चांगला हाय. आपल्याले लागू नाई." हसू आले, पण फार वेळ टिकले नाही.

पुढचा मुद्दा वारसाचा. तिलिस्म कोणालाही फोडता येत नाही. ज्याच्या नावाने ते बांधले त्यानेच फोडायचे. 'चंद्रकांता'त ते वीरेंद्रसिंहाच्या नशिबी, 'संतती'त त्याच्या दोन मुलांच्या, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांच्या. तिलिस्मात एक ग्रंथ असतो, त्यात सर्व कळांचा उलगडा लिहिलेला असतो, आणि तो योग्य वारसाच्याच हाती पडावा अशी सगळी व्यवस्था. ऐयार जिवावर उदार होतात, कैदेत कुजतात, परंतु शेवटचे कुलूप उघडणार राजपुत्रच. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने सरळ विचारले : एक ग्रंथ, तो वाचायचा अधिकार जन्मावर, दुसऱ्याने वाचला तर अनर्थ. हे आपण आधी कुठे तरी ऐकलेले नाही काय? उत्तर कोणी दिले नाही. गरज नव्हती.

आता ज्या मतासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

'चंद्रकांता'त एका ठिकाणी तिलिस्म म्हणजे काय आणि ते कसे बांधत याचा खुलासा आहे. पूर्वीचे राजे ज्योतिषी, वैद्य, कारागीर, तांत्रिक यांना गोळा करीत. त्यांच्या सांगण्यावरून जमीन खोदली जाई, खजिना ठेवला जाई, वर इमारत उठे. त्या दिवशी मी वाचत होतो. आमच्यात एक वृद्ध गृहस्थ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. १९७२ च्या दुष्काळापासून त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, रस्त्याला मुरूम टाकला. लिहिता-वाचता ते उशिरा शिकले. त्यांनी मला थांबवले.

"सर, थे वाक्य पुन्हा वाचा."

मी वाचले.

"ज्योतिष्याचं नाव आलं. वैद्याचं आलं. मंग जमीन खंदली कोनं?"

मी म्हटले, "काका, खोदली जाई असे लिहिले आहे."

"थेच त म्हनतो. आपोआप खंदल्या जाते का जमीन? आमचं नाव मस्टरवर तरी रायत जाय. अंगठा का होईना, पन राये."

कर्मणी प्रयोगाचे इतके नेमके विश्लेषण मी व्याकरणाच्या तासाला ऐकलेले नाही. सगळ्या अद्भुत वाङ्मयाचे हे इंगित आहे. भुयार आहे, खोदणारा नाही. बुरूज आहे, दगड वाहणारा नाही. राजवाड्यात शेकडो दालने आहेत आणि ती झाडणारे कोणी नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ सालचा. त्यात हजेरीपटावर मजुराचे नाव येणे ही केवळ मजुरीच्या हिशेबाची बाब नव्हती, हे काकांच्या बोलण्यातून मला प्रथम समजले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेठीत काम केले, त्यांच्यासाठी कागदावर 'अमुक याने इतकी माती काढली' असे येणे हे कर्मणी प्रयोगातून कर्तरी प्रयोगात येणे होते.

काका तिथे थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी हिशेब मांडला. इतके लांब भुयार काढायचे तर माणसे किती, टोपली किती, दिवस किती. आणि निघालेली माती टाकली कुठे? पाझर तलावाच्या कामावर मातीचा ढीग कोसभरावरून दिसायचा. राजाचे गुप्त भुयार असेल तर ढीगही गुप्त ठेवावा लागेल. ढीग लपला तरी खोदणारे लपत नाहीत. भुयाराची वाट ज्योतिष्याला ग्रंथात पाहावी लागत असेल, खोदणाऱ्याला तोंडपाठ असते. म्हणजे तिलिस्माचे रहस्य पन्नास-शंभर माणसांना आधीच ठाऊक होते! मग ते बोलले का नाहीत? खत्रींनी हा प्रश्न आपल्या कोणत्याही पात्राला विचारू दिलेला नाही, आणि मुलानेही पुढे तो उघडला नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या इतिहासात आहे. मुक्ता साळवे ही सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या शाळेतली मातंग मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती सांगते की मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरले जात असे. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाविषयी परंपरेने सांगतात की तो उभा राहीना, तेव्हा नाथनाक आणि त्याची बायको देवकाई यांना पायाखाली जिवंत गाडले. नावातला 'नाक' जात सांगतो. खजिन्याखाली काय असते याची कल्पना आमच्या माणसांना करावी लागत नाही. निबंधानंतर सहाच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा', आणि मराठीत अद्भुत कादंबऱ्यांची रांग लागली. एका मुक्तेने पायाखालचे सांगितले. मराठी कादंबरी दुसरीच्या मागे गेली. हा नावांचा योगायोग आहे, त्यातून सिद्धांत काढू नये, पण विसरूही नये.

मुलींचे मत वेगळे पडले. बैठकीला तीन मुली येतात, पैकी एक शिक्षिका होण्याचा अभ्यास करते. तिला चपला आवडते, चंद्रकांतेची सखी आणि ऐयारीण. कारण विचारले तर म्हणाली, चपला रात्री एकटी जंगलात जाते आणि कुठे चाललीस असे तिला कोणी विचारत नाही. एवढ्यासाठी मी चोवीस भाग वाचीन! तिच्या या उत्साहाला 'पलायनवाद' म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सातनंतर तालुक्याच्या बसस्टँडवर एकटे उभ्या असलेल्या मुलीकडे गाव कसे पाहते ते एकदा पाहावे.

तिच्याच प्रश्नामुळे आम्ही रोहतासगढकडे वळलो. 'संतती'त त्या किल्ल्याचे तळघर आणि त्याचे रहस्य यांना मोठी जागा आहे. किल्ला खरा आहे, बिहारमध्ये. उरांव आदिवासी सांगतात की तो आमचा होता. शत्रू सरहुलच्या सणाला चाल करून आला, पुरुष दारूच्या अमलाखाली होते, तेव्हा सिनगी दाईच्या नेतृत्वाखाली बायकांनी पुरुषी वेष चढवून शत्रूला परतवले. त्याची आठवण म्हणून आजही बारा वर्षांनी 'जनी शिकार' होते, बायका पुरुषांचे कपडे घालून शिकारीला निघतात. म्हणजे ज्या डोंगरावर खत्रींनी ऐयारीची कल्पना केली तिथे वेषांतर करून लढलेल्या बायकांची स्मृती आधीपासून नांदत होती. नौगढ-विजयगढच्या रानांतही कोल, खरवार यांची वस्ती. ठेकेदार म्हणून खत्रींनी ही माणसे पाहिली असणारच, लाकूड काही राजपुत्र तोडत नव्हते. कादंबरीत मात्र जंगल निर्मनुष्य आहे. जंगल निर्मनुष्य करणे ही तिलिस्म बांधण्याची पहिली पायरी दिसते. धरणे बांधतानाही तसेच करतात.

सगळ्यात मोठा वाद भूतनाथावर झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

भूतनाथ म्हणजे गदाधरसिंह, अत्यंत हुशार ऐयार, पण त्याच्या मागे जुनी काळी कृत्ये लागलेली. 'संतती'त तो सतत धास्तावलेला असतो : कोणी तरी येईल, जुना कागद काढील, दरबारात नाव घेईल. अखेर असे ठरते की त्याने आपली जीवनकहाणी लिहून महाराजांपुढे ठेवावी. पुढची कादंबरी ती हीच. वाचकांना राजपुत्रांपेक्षा हा डागाळलेला माणूस अधिक भावला असला पाहिजे, त्याशिवाय एका दुय्यम पात्रावर एकवीस भाग उभे राहत नाहीत.

आमच्यातला एक तरुण म्हणाला, भूतनाथ आपला माणूस आहे. ज्याला क्षणोक्षणी आपली सचोटी सिद्ध करावी लागते, कितीही काम केले तरी ज्याच्याकडे लोक संशयानेच पाहतात, तो आपलाच. कचेरीत नोकरी करणाऱ्या दोघांनी माना डोलावल्या. राखीव जागेवरच्या माणसाला रोज एक दरबार भरलेला असतो.

त्यावर एक शिक्षिका उसळल्या. त्या म्हणाल्या, भूतनाथाने गुन्हे केले आहेत. त्याला लपवायला काही आहे. आपण काय केले? इथल्या पारध्याच्या पोराने काय केले? १८७१ पासून इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचे कायदे केले, ते १९५२ साली रद्द झाले, तरी चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात. पारध्याच्या पोराला जन्मताच भूतनाथ करून टाकले आहे, आणि त्याला 'जीवनी' लिहून दरबारात सादर करायलाही कोणी सांगत नाही. तेव्हा अशा माणसाशी आपली तुलना करू नका. तुलना केली की आपणही मनातून आरोप मान्य केला असे होते.

मला वाटते, दलित आत्मकथनांविषयी जे काही मोजके खरे बोलले गेले आहे त्यात या बाईंच्या मताला जागा मिळावी. भूतनाथ लिहितो ते राजाने क्षमा करावी म्हणून. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांत क्षमेची याचना नाही. तिथे दरबारच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. 'उचल्या' तर जन्माने गुन्हेगार ठरवलेल्यांच्याच घरातून आलेले पुस्तक. तरीही मध्यमवर्गीय वाचकाने ही पुस्तके पुष्कळदा महाराजांसारखी वाचली : लेखकाने किती प्रांजळपणे सांगितले, काय काय कबूल केले, याचे कौतुक करीत. कबुलीजबाब आणि फिर्याद यांतला फरक त्याला कळला नाही. किंवा कळून त्याने तो बाजूला ठेवला.

तरुणाने मात्र हार मानली नाही. त्याचे म्हणणे, बाईंचा मुद्दा बरोबर, पण वाचताना मला भूतनाथाची भीती माझी वाटली, ती मी काय करू? यालाही उत्तर नाही. वाचन असेच असते. तत्त्व एकीकडे जाते, छाती दुसरीकडे धडधडते.

जन्मावरून दुष्टपणा ठरवण्याची खोड फक्त आपल्याकडची नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ, त्यावर शेकडो कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. त्या जगात 'ऑर्क' आणि काळ्या कातडीचे 'ड्राउ' या अख्ख्या जमातीच दुष्ट म्हणून रंगवल्या गेल्या होत्या. खेळणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी वर्षानुवर्षे हरकत घेतली, आणि २०२० साली, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका पेटली असताना, कंपनीने जाहीर केले की या जमाती यापुढे अशा सरसकट दुष्ट दाखवणार नाही. व्यापारी हिशेब त्यात असणारच. पण सामाईक जगाचा हाच एक फायदा आहे. एकट्या लेखकाचे पुस्तक पुरे झाले की दगडासारखे होते. ज्या जगात अजून कोणी तरी लिहिणार आहे, तिथे वाचकाची हरकत पुढच्या भागात शिरू शकते.

आपल्याकडे हे काम जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच केले. 'गुलामगिरी' म्हणजे धोंडीराव आणि जोतीराव या दोन वाचकांचा संवाद. समोर दशावताराची अद्भुतमाला ठेवलेली. धोंडीराव शंका काढतो, जोतीराव उलगडा करतात : मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, एकेक चमत्कार घेऊन त्याखाली काय गाडले आहे ते उकरतात. वामनाच्या पायाखाली बळी सापडतो, जसा बुरुजाखाली नाथनाक. आणि बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळणाऱ्या बायकांचे मत ते पुराणाच्या मतापेक्षा अधिक प्रमाण धरतात. 'गुलामगिरी'ला इतिहास म्हणून तपासणारे पुष्कळ आहेत. तिच्यात वाचनाची एक पद्धत आहे, तिकडे कमी लोकांचे लक्ष गेले.

हिंदीत रामचंद्र शुक्लांनी खत्रींच्या कादंबऱ्यांना साहित्याच्या पंक्तीत बसवले नाही, परंतु वाचक निर्माण करण्याचे त्यांचे श्रेय उघडपणे मान्य केले. मराठीत अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला तेवढाही मोकळेपणा उशिराच आला. 'फकिरा' १९५९ सालची, १९६१ मध्ये तिला राज्य पुरस्कार मिळाला, बाबासाहेबांच्या लेखणीला ती अर्पण केलेली. घोडा आहे, पाठलाग आहे, जोगणी पळवून आणणारा राणोजी आहे, सरकारी खजिन्याची लूट आहे. साहसकथेला लागते ते सर्व आहे. ती रंजक आहे म्हणून विद्वानांनी नाक मुरडले. काकांना मी विचारले, भूतनाथ बरा की फकिरा? ते म्हणाले, फकिराने खजिना लुटला तो भुकेल्यांसाठी, हे खरेच. पण मला आवडते ते निराळे. त्या पुस्तकात खजिना कुठून आला हे माहीत असते.

हरकत घेणारे कार्यकर्ते मधल्या काळात नियमित येऊ लागले आहेत. बदलले म्हणावे तर तसे नाही. ते म्हणतात, तुम्ही कादंबरी वाचतच नाही, तिची उलटतपासणी घेता. मग हरकत नाही. मला हे पूर्ण पटत नाही. भूतनाथ कैदेतून निसटतो तेव्हा त्यांचाही श्वास अडकलेला मी पाहिला आहे.

काकांनी आता एक सूचना मांडली आहे. इतक्या जणांनी या जगात लिहिले, तर आपणही एक भाग लिहावा. राजपुत्रापासून सुरुवात करायची नाही, मातीच्या ढिगापासून करायची : रात्री टोपली डोक्यावर घेऊन निघालेली माणसे, त्यांना कुठे नेतात हे माहीत नाही, काम संपल्यावर परत सोडतील की नाही हेही माहीत नाही, आणि त्यातल्या एका बाईने वळणे मोजून ठेवली आहेत. चपला आवडणाऱ्या मुलीने ती बाई आपल्याकडे घेतली आहे. कोणत्या भाषेत लिहायचे यावर दोन बैठका गेल्या. वऱ्हाडीत, असे ठरले. तुरीची सोंगणी चालू असल्याने सध्या माणसे कमी येतात, 'भूतनाथ'चा नववा भाग अर्धा राहिला आहे, आणि उर्दू शाळेच्या गुरुजींनी अट घातली आहे की आपल्या भागात एक तरी उंटवाला असला पाहिजे.